बोअर बदललं की सगळं ड्रॉइंग परत? ऑटोकॅड आणि पॅरामेट्रिक सॉलिड, नेमका फरक काय

उद्यमनगरी

नमस्कार मंडळी. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमचं छोटं मशीन शॉप आहे. बेअरिंग हाउसिंग, पुली, ब्रॅकेट, मधूनच एखादं फिक्स्चर, असली कामं. कास्टिंग शिरोलीहून येतं, मशिनिंग आमच्याकडे. ड्रॉइंगचं सगळं आमचे ड्राफ्ट्समन मामा बघतात. ऑटोकॅडवर त्यांचा हात असा बसलाय की माउसपेक्षा कीबोर्डच जास्त वाजतो.

परवा ६२०६ नंबरच्या बेअरिंगचं हाउसिंग त्याहून मोठ्या ६२०७ ला करून हवं होतं, म्हणजे बेअरिंग ज्यात बसतं ते भोक (बोअर) मोठं. गिऱ्हाईक म्हणालं, "बोअरच तर बदलायचंय." मामांची अख्खी दुपार त्यात गेली. त्यात गोकुळ शिरगावचं एक गिऱ्हाईक आता ड्रॉइंगसोबत मॉडेलही मागतंय. सॉफ्टवेअर विकणारा येऊन गेला, त्यानं हाउसिंग पडद्यावर गरागरा फिरवून दाखवलं, पिवळा रंग दिला, सावली पाडली. फिरवून मला काय करायचंय? आमच्या लेथवर जॉब फिरतोच की दिवसभर.

तर प्रश्न असा: थ्रीडी ऑटोकॅडमध्येही आहे. मग हे 'पॅरामेट्रिक सॉलिड' वेगळं काय देतं? आणि आमच्यासारख्या एवढ्याशा शॉपला ते झेपतं का?

फिलेट_फेल

गाव कोल्हापूर, पोट पुण्यात, धंदा डिझाइनचा. जमेल तसं सांगतो.

विकणाऱ्यानं चुकीचं दाखवलं. फरक टूडी आणि थ्रीडी असा नाहीच. फाइलमध्ये काय साठवलं जातं, तो खरा फरक आहे. ऑटोकॅडच्या ड्रॉइंगमध्ये रेघा साठतात. ही रेघ इथून इथपर्यंत, हे वर्तुळ या जागी, एवढ्या त्रिज्येचं. समोरच्या व्ह्यूमधलं वर्तुळ आणि सेक्शनमधल्या (कापून दाखवलेल्या व्ह्यूतल्या) दोन आडव्या रेघा हे एकच भोक आहे, हे मामांना माहीत असतं. फाइलला नसतं.

म्हणून तुमची दुपार गेली. ६२०६ चा बाहेरचा व्यास ६२, ६२०७ चा ७२. रुंदी १६ ची १७. म्हणजे समोरच्या व्ह्यूत वर्तुळ बदला, सेक्शनमध्ये रेघा सरकवा, हॅच (कापलेल्या भागातल्या तिरक्या रेघा) पुन्हा भरा, वरच्या व्ह्यूत तुटक रेघा सरकवा, बोअरची खोली १ नं वाढवा, बॉसचा (बोअरभोवतालच्या गोल भागाचा) बाहेरचा व्यास वाढवा, कव्हरच्या भोकांचं पीसीडी (भोकं ज्या वर्तुळावर येतात त्याचा व्यास) वाढवा, मग सगळी मापं तपासा. त्यातलं एक राहिलं तर ड्रॉइंग तक्रार करत नाही. तक्रार मशीनवर होते.

पॅरामेट्रिकमध्ये तुम्ही रेघ नाही, नियम लिहिता. समजा बोअर = ७२. भिंत = १४. बॉस = बोअर + दोन भिंती. पीसीडी = बोअर + एक भिंत, म्हणजे एम ६ ची भोकं भिंतीच्या मधोमध. ६२ ला बॉस ९० आणि पीसीडी ७६ येत होतं. बोअरच्या जागी ७२ टाकलं की बॉस १०० आणि पीसीडी ८६ आपोआप होतं. तिन्ही व्ह्यू मॉडेलवरूनच निघालेले असल्यामुळे तेही सोबत बदलतात.

आता यातली खरी गोम. काय बदलायचं नाही, हेही तुम्हालाच सांगावं लागतं. शाफ्टची सेंटर हाइट ६० तीच राहिली पाहिजे, कारण शाफ्टच्या दुसऱ्या टोकाला त्याच उंचीचं हाउसिंग आहे. बेसच्या बोल्टचं सेंटर १२० तेच राहिलं पाहिजे, कारण गिऱ्हाइकाची फ्रेम आधीच ड्रिल झालीय. हे सगळं मामांच्या डोक्यात असतं. त्यालाच आमच्यात 'डिझाइन इन्टेन्ट' म्हणून मिरवतात. पॅरामेट्रिक मॉडेल करायचं म्हणजे डोक्यातलं हे सगळं फाइलमध्ये उतरवायचं. त्यामुळे पहिलं मॉडेल करायला ड्रॉइंगपेक्षा वेळ जास्त लागतो. कोणी कमी सांगितला तर तो विकणारा समजा.

जुना_चाफा

वरच्या प्रतिसादाला +१, पण विकणाऱ्याच्या दोन शब्दांपैकी 'सॉलिड' तसाच राहून गेला. तो फायदा वेगळा आहे.

सॉलिड म्हणजे कॉम्प्युटरला आत कुठं आणि बाहेर कुठं हे कळतं. त्यामुळे आकारमान निघतं, वजन निघतं, गुरुत्वमध्य निघतो, कुठूनही काप घेता येतो. हे ऑटोकॅडच्या थ्रीडीतही होतं. मासप्रॉप कमांड दिली की आकारमान सांगतं, त्याला ग्रे आयर्नच्या (बिडाच्या) घनतेनं, ७.२ नं गुणलं की १०० घनसेंटिमीटरला ७२० ग्रॅम. कास्टिंग किलोवर विकणाऱ्या गावात एवढ्यानंही कोटेशन बदलतं. नाहीतर जॉबचे मनातल्या मनात डबे-नळकांडी करायची, कॅल्क्युलेटर मारायचा आणि रिब-फिलेटचं (आधाराच्या पट्ट्या आणि गोल केलेले कोपरे) 'अंदाजे पाच टक्के' धरायचं, हेच चालतं.

पॅरामेट्रिक ही दुसरी गोष्ट. सॉलिड असूनही पॅरामेट्रिक नसू शकतं (ऑटोकॅडचं नेहमीचं थ्रीडी). टूडी असूनही पॅरामेट्रिक असू शकतं: ऑटोकॅडनं २०१० च्या आवृत्तीत टूडीमध्येच कन्स्ट्रेंट (रेघांना बांधणारे नियम) आणले. 'ऑटोकॅडला हे येत नाही' असं सरसकट म्हणू नका. येतं, वापरत कोणी नाही.

इतिहासात रस असेल त्यांच्यासाठी: रेघांना नियम लावायची कल्पना ऑटोकॅडच्याही आधीची. एमआयटीत आयव्हन सदरलँडनं १९६३ मध्ये स्केचपॅड केलं, त्यात दोन रेघा समांतर ठेव, लांबी सारखी ठेव असं सांगता यायचं. १९८२ मध्ये आलेल्या ऑटोकॅडनं वेगळी गरज भागवली: ड्रॉइंग बोर्ड उचलून साध्या पीसीवर ठेवला. नियमवाला मार्ग बाजारात जोरात आला तो सॅम्युएल गाइसबर्ग यांच्या पीटीसीमुळे. कंपनी १९८५ ची, आणि प्रो-इंजिनिअर त्याच दशकाच्या शेवटी. ते महागड्या वर्कस्टेशनवर चालायचं. १९९५ मध्ये सॉलिडवर्क्स विंडोजवर आलं आणि मग ते छोट्या कंपन्यांच्या टप्प्यात आलं.

कारखाना_लेआउट

साखर कारखान्यांचे लेआउट काढण्यात माझी उमर गेली, म्हणून दुसरी बाजू.

बॉयलिंग हाउसचा लेआउट, पाइपलाइनचा मार्ग, फाउंडेशन बोल्टचा प्लॅन, प्लेटची गॅस कटिंग, पॅनलची वायरिंग. ही कामं ऑटोकॅडमध्ये जेवढी झटपट होतात तेवढी त्या पॅरामेट्रिकवाल्या फीचरच्या झाडात (केलेल्या पायऱ्यांच्या यादीत) चढून-उतरून होत नाहीत. जागेवर सिव्हिलवाला सांगतो, कॉलम दीडशे इकडं आलाय. मी स्ट्रेच मारतो, पाच मिनिटांत प्रिंट हातात. तिथं कोणता नियम लिहायचा? कॉलम चुकला त्याला कुठलं समीकरण?

शिवाय वीस वर्षांपूर्वीची माझी ड्रॉइंग आजही उघडतात. आजची फाइल जुन्या फॉरमॅटमध्ये सेव्ह करून समोरच्याला देता येते. तुमच्या त्या पॅरामेट्रिकवाल्यांची नवीन आवृत्तीतली फाइल जुन्या आवृत्तीत उघडताना काय तमाशा होतो ते विचारा जरा.

फिलेट_फेल

@कारखाना_लेआउट, लेआउटचं शंभर टक्के मान्य. तिथं पाइप कुठून जातो हे महत्त्वाचं, पाइपचा जन्म कसा झाला हे नाही. आवृत्त्यांचा तमाशाही मान्य, त्यावर मी वेगळा धागा काढीन आणि तो शिव्यांमुळे उडेल.

जी_कोड_ताई

मी सीएनसी प्रोग्रामिंग करते, मला दोन्हीकडच्या फाइली येतात. वर एक मुद्दा राहिलाय, आणि माझ्या मते तोच सगळ्यात मोठा आहे: माप कोण कोणाला सांगतं?

पॅरामेट्रिकमध्ये माप मालक असतं. १२० लिहिलं की भूमिती १२० होते, नाहीतर एरर येते. ड्राफ्टिंगमध्ये माप साक्षीदार असतं. रेघ जेवढी आहे तेवढं ते वाचून सांगतं. आणि साक्षीदार फोडता येतो! मापावर डबल क्लिक करायचं, ११८ खोडून १२० टाइप करायचं. कागदावर १२० दिसतं, खाली रेघ ११८ चीच.

कागदावरून काम चालायचं तोवर हे खपून जायचं, कारण टर्नर आकडा वाचतो, रेघ मोजत नाही. मध्यंतरी एका गिऱ्हाइकानं बेस प्लेटचं असंच ड्रॉइंग दिलं. घाईत आकडे टाइप करून दुरुस्त केलेले. त्याचीच डीएक्सएफ (ड्रॉइंगच्या रेघांची फाइल) लेझर कटिंगला गेली. लेझर आकडा वाचत नाही, रेघेवरून जातो. प्लेटा ११८ वर कापून आल्या, एकदम सफाईदार. भांडण आठवडाभर चाललं, आणि प्रत्येकाच्या हातात १२० लिहिलेला प्रिंट.

मामांना एवढं जरूर सांगा: सॉफ्टवेअर कोणतंही घ्या, पण टाइप केलेलं माप म्हणजे पाप. आलेल्या फाइलमध्ये संशय आला तर माप सिलेक्ट करून प्रॉपर्टीजमध्ये 'टेक्स्ट ओव्हरराइड' रिकामं आहे का बघा. मी आता पहिलं तेच बघते.

पॅटर्नवाले_काका

पोरांनो, पॅटर्नचं (वाळूत साचा पाडायच्या नमुन्याचं) कोणीच बोलंना म्हणून लिवतो. चुकलं तर माफी.

ड्रॉइंग येतं ते मशीन झालेल्या जॉबचं. आमाला पायजे कास्टिंगचं, आनि बनवायचा पॅटर्न. ही तीन येगळी मापं हाईत. जिथं मशीनिंग तिथं अलाउन्स (जादा माल) वाढवायचा, उभ्या भिंतीला ड्राफ्ट (जरा उतार) द्यायचा म्हंजे पॅटर्न वाळूतनं सुटंल, कोअर प्रिंट (पोकळीच्या कोअरला टेकायची जागा) लावायचे, आनि समद्यावर श्रिंकेज, म्हंजे धातू थंड होताना आकसतोय तेवढं माप वाढवायचं. ग्रे आयर्नला मीटरला धा मिलिमीटर धरतो, स्टीलला त्याच्या दुप्पट. आमच्या वडलांच्या टायमाला श्रिंकेजची पट्टीच येगळी असायची, तिच्यावरचा मिलिमीटरच जरा मोठा. त्या पट्टीनं मोजलं की हिशोब करायचं कामच न्हाई.

आता पोरगा सॉलिडवर करतोय. झ्याक होतंय. पन एक सांगतो, म्या त्याला दोनदा रागावलोय त्यावरनं. त्यानं श्रिंकेज मूळ मॉडेललाच लावलं. मग मशीनशॉपला त्याच फायलीतनं ड्रॉइंग गेलं, आनि ७२ चं बोअर ७२.७२ दिसाय लागलं. श्रिंकेज कायम शेवटाला, आनि येगळ्या फायलीत. मूळ फाईल सोवळ्यातली, तिला हात लावायचा न्हाई.

लाकडाच्या मास्टरवरनं ॲल्युमिनियमचा पॅटर्न वतायचा असंल तर श्रिंकेज दोन डाव पडतंय, एकदा ॲल्युमिनियमचं, एकदा आयर्नचं. हे सॉफ्टवेअर इचारत न्हाई. मानसानंच ध्यानात ठेवायचं.

फिलेट_फेल

काका, एक नंबर. उद्यमनगरी, काकांनी सांगितलंय त्याची मॉडेलमधली मांडणी अशी करा:

आधी कास्टिंग बांधायचं, ड्राफ्ट आणि मशीनिंग अलाउन्स धरून. त्यानंतर शेवटी मशीनिंगचे कट घ्यायचे: बोअर, फेस, ड्रिल, टॅप. शॉपमध्ये ज्या क्रमानं घडतं त्याच क्रमानं झाड. मग मशीनिंगचे फीचर सप्रेस (तात्पुरते बंद) केले की कास्टिंग, चालू केले की तयार जॉब. एकाच फाइलचे दोन अवतार. कास्टिंगचं वजन फाउंड्रीला, तयार जॉबचं वजन गिऱ्हाइकाला, आणि दोघांतला फरक म्हणजे तुमचा चिप्सचा डबा. पॅटर्नसाठी तिसरी फाइल, जी कास्टिंगवरून निघते आणि जिच्यात फक्त १.०१ चा स्केल आहे. मूळ बदललं की तीही बदलते.

ड्रॉइंग म्हणजे सातबारा, आज जमीन कोणाच्या नावावर आहे तेवढं सांगतो. फीचरचं झाड म्हणजे फेरफार नोंदी, तिथवर कसं पोचलो त्याची. मधली नोंद बदलली की पुढचं सगळं नव्यानं.

आणि म्हणूनच ते मोडतंही. फेरफारात घोळ असला की काय होतं ते आपल्याकडं सांगायला नको! माझं नाव फिलेट_फेल उगाच नाही. पोराटकीनं मॉडेल केलेलं असतं: एका फिलेटच्या कडेवर स्केच (ज्यावरून आकार निघतो ते टूडी चित्र), त्या स्केचवर रिब, रिबच्या कोपऱ्यावरून भोकाचं माप. मग तुम्ही सुरुवातीचा तो फिलेट ५ चा ८ करता. कड गायब, रिब लाल, भोक लाल, अख्खं झाड तांबडं. ड्रॉइंगमध्ये निदान बाकीच्या रेघा जागेवर राहतात.

दोन सवयी लावल्या तर नव्वद टक्के वाचतं. मापं घ्यायची ती मूळ प्लेनवरून आणि सेंटरलाइनवरून, मॉडेलच्या कडांवरून नाही. आणि फिलेट-चॅम्फर झाडाच्या शेपटाला, जमेल तितके उशिरा.

जी_कोड_ताई

आणि स्केच पूर्ण बांधलेलं हवं. सॉलिडवर्क्समध्ये निळी रेघ म्हणजे अजून मोकळी आहे, काळी म्हणजे बांधली. फ्रीकॅडमध्ये पूर्ण बांधलं की हिरवं. नवी मुलं निळं तसंच सोडून पुढं जातात, दिसायला सगळं ठीक असतं. नंतर कोणीतरी एक माप बदलतं आणि भोक कुठं जातं ते त्या भोकालाच माहीत.

उद्यमनगरी

बापरे, एवढं अपेक्षित नव्हतं. मामांना वाचून दाखवलं. टाइप केलेल्या मापाच्या जागी ते नुसते हसले, म्हणजे काय ते समजा 😄

अजून दोन प्रश्न. गिऱ्हाईक स्वतःचे काही जॉब स्टेप फाइलमध्ये पाठवतं. म्हणजे त्यात हे नियम-बियम आयते मिळतील ना? आणि खर्चाचं काय?

जुना_चाफा

स्टेपमध्ये आकार येतो, झाड येत नाही. आयएसओ १०३०३ हे त्याचं मानक. वेगवेगळ्या कंपन्यांच्या सॉफ्टवेअरना एकमेकांचा आकार नेमका वाचता यावा यासाठी ते आहे. तुमच्याकडे उघडल्यावर झाडात एकच नोंद दिसेल: आयात केलेला ठोकळा. वजन निघेल, माप घेता येईल, टूलपाथ काढता येईल, व्ह्यू पाडता येतील. पण बोअर ७२ करायला त्यात बोअर नावाची गोष्टच नसेल, नुसता एक गोल पृष्ठभाग असेल.

त्यावर उपाय म्हणजे डायरेक्ट मॉडेलिंग. पृष्ठभाग धरून ओढायचा, इतिहास विचारायचा नाही. २००७ च्या सुमारास स्पेसक्लेम आलं ते यासाठीच, २००८ मध्ये सीमेन्सनं सॉलिड एजमध्ये सिंक्रोनस टेक्नॉलॉजी आणली. आता बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये थोडंफार असतंच. गिऱ्हाइकाच्या ठोकळ्यात किरकोळ बदल करायला ते पुरतं.

उलट बाजूही लक्षात ठेवा. तुम्ही गिऱ्हाइकाला स्टेप दिली तर तुमचे नियम तुमच्याकडेच राहतात. मूळ फाइल मागितली तर वेगळा दर लावा.

फिलेट_फेल

खर्चाचं: चोरीचं सॉफ्टवेअर शॉपवर टाकू नका, एवढंच. सुरुवात फ्रीकॅडनं करा. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, धंद्यासाठी वापरायलाही मोकळं. पूर्वी त्यात वर सांगितलेला कडा हरवण्याचा रोग फार होता. नोव्हेंबर २०२४ च्या १.० आवृत्तीत त्यावर बरंच औषध दिलंय. आत स्प्रेडशीटही आहे, बोअर-भिंत-पीसीडी तिथं नावानं लिहून मॉडेलला जोडता येतं. फ्यूजन आणि ऑनशेप हीही असलीच सॉफ्टवेअर, पण फ्यूजनची फुकट आवृत्ती घरगुती, बिनधंद्याच्या वापरासाठी आहे, तुमच्यासाठी नाही. ऑनशेपच्या फुकट खात्यात तुमची फाइल जगाला दिसते, त्यामुळे गिऱ्हाइकाचा जॉब तिथं ठेवू नका.

ऑटोकॅड काढून टाकू नका. फ्रेमचे लेआउट, प्लेट कटिंग तिथंच राहू द्या. ज्या जॉबची मापं बदलत राहतात, म्हणजे तुमची हाउसिंग आणि पुली, तेवढेच पॅरामेट्रिकमध्ये घ्या. एकदाच होणारं फिक्स्चर कशात करायचं यावर आमच्या ऑफिसात दोन पक्ष आहेत. माझं मत: असेंब्लीत काही अडकतंय का बघायचं असेल तर मॉडेल, नाहीतर नको.

कारखाना_लेआउट

मामांच्या वतीनं एक बोलतो. मॉडेलला टॉलरन्स (मापात किती फरक चालेल ते) आपोआप कळत नाही. ७२ म्हणजे बेअरिंगची सीट, तिथं एच ७ ही टॉलरन्स लिहायला हवी, हे ड्रॉइंगवाल्या माणसालाच कळतं. आणि मॉडेलवरून शीट काढाल तेव्हा टेम्प्लेट बघा. अमेरिकन टेम्प्लेट असेल तर व्ह्यू थर्ड अँगलमध्ये पडतात, म्हणजे बाजूचे व्ह्यू फर्स्ट अँगलच्या उलट्या बाजूला. आपल्याकडं सगळी शॉप फर्स्ट अँगल वाचतात. चिन्ह कोपऱ्यात असतं, बघतो कोण? डावीकडचा लग (बाहेर आलेला कान) उजवीकडं झालेला मी पाहिलाय, कास्टिंगसकट.

उद्यमनगरी

मंडळी, अपडेट. मामा आणि माझा भाचा (डिप्लोमा झालाय, शॉपवर येतो) दोघांनी मिळून हाउसिंग फ्रीकॅडमध्ये केलं. भाचा माउस धरतो, मामा नियम सांगतात. "ह्याला सेंटरवरनं माप दे, कडेवरनं नको" हे मामाच त्याला सांगत होते. ६२ चं ७२ केलं, बॉस १००, पीसीडी ८६, सगळं बरोबर सरकलं.

पण मग भाच्यानं असेंब्लीत बेसचे बोल्ट बसवले आणि एम १२ चं हेड हाउसिंगच्या भिंतीला जवळजवळ टेकलेलं दिसलं. बोल्टचं सेंटर मध्यापासून ६०, भिंत खालपर्यंत सरळ ५० वर. मध्ये १० उरले. १९ चं हेड म्हणजे निम्मं साडेनऊ, त्याचा कोपरा तर फिरतच नाही, पाना कुठून घालणार? ६२०६ ला १५ मिळत होते म्हणून कधी कळलं नाही. आणि मामांनी त्या दुपारी काढलेल्या ड्रॉइंगमध्येही हे तसंच होतं, कास्टिंगची ऑर्डर अजून दिली नव्हती म्हणून बरं. फ्रेम ड्रिल झालीय, १२० हलवता येत नाही. काय करावं?

पॅटर्नवाले_काका

ॲलन बोल्ट (हेडात षटकोनी खाच असलेला) लावा की. एम १२ च्या ॲलनचं हेड १८ चं, म्हंजे निम्मं ९, भिंतीपासनं १ मोकळा ऱ्हातोय. आनि चावी वरनं जातीय, पान्याला जागा लागतच न्हाई. फकस्त भिंतीच्या मुळाशी कास्टिंगचा फिलेट असतोय, हेड त्याच्यावर चढून तिरकं बसंल. तिथं २० चा स्पॉटफेस (हेडाला सपाट गोल बैठक) मारा. आनि पॅटर्नला त्या जागी भिंत दोन मिलिमीटर आत घेतो मी, कटर घासनार न्हाई. पन घ्यायच्या आदी कव्हरची एम ६ ची भोकं त्या बाजूला येत न्हाईत ना ते बघून सांगा.

उद्यमनगरी

भोकं ४५ अंशावर आहेत काका, त्या बाजूला काही नाही. भिंत आत घेऊन फाइल संध्याकाळी पाठवतो. श्रिंकेज न लावता!